करडा पतंग पडद्यावर पाहावा की खोडावर?

गोव्याच्या रानांत आणि कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) झाडाच्या सालीशी एकरूप होणारे जे करडे पतंग आढळतात, त्यांतील पुष्कळसे जिओमेट्रिडी कुळातले, म्हणजेच उंटअळीपासून तयार होणारे असतात. त्यांचा अभ्यास सुरू करू इच्छिणाऱ्याने रात्री दिव्यामागे पांढरा पडदा लावावा की दिवसा खोडे तपासावीत, हे आधी ठरवायला हवे, कारण या दोन वाटांनी हाती येणारी माहिती वेगवेगळी असते.

ओळख पटवणे हाच हेतू असेल, तर पडदा निःसंशय सरस ठरतो. अमावास्येच्या आसपासच्या काळोखात एकाच बैठकीत अनेक जाती शेजारीशेजारी बसलेल्या मिळतात. पुढच्या पंखावरच्या नागमोडी रेषा, पंखाच्या मध्यावरचा ठिपका आणि नराच्या पिसासारख्या स्पर्शिका भिंगाखाली निवांत पाहता येतात. पावसाळ्यात मर्क्युरीचा दिवा टाळावा, कारण त्याच्या तापलेल्या काचेवर थेंब पडला की ती तडकते. बॅटरीवर चालणारा अतिनील एलईडी अधिक सोयीचा आहे. मात्र त्याकडे टक लावून पाहू नये आणि मध्यरात्रीपूर्वी तो मालवावा. दिवा पहाटेपर्यंत जळत राहिला, तर पडद्यावरचे पतंग कोतवाल पक्ष्याच्या तोंडी पडतात.

पण पडद्यावरचा पतंग स्वतःच्या मर्जीने बसलेला नसतो. कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात आणि त्यामुळे कृत्रिम दिव्याभोवती त्यांचे उड्डाण बिघडते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तो कोणत्या झाडावर विसावतो आणि कसा बसतो, हे पडदा सांगू शकत नाही.

ते खोडच सांगते. माट्टीच्या (ऐनाच्या) झाडाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तर नाणा या झाडाची गुळगुळीत आणि फिकट. पंख पसरून सालीला चिकटलेला करडा पतंग या दोहोंवर सारखाच लपेल असे नाही. या कुळातल्या अनेक जातींमध्ये पुढच्या पंखावरची रेषा खंड न पडता मागच्या पंखावर उतरते, म्हणून तो भेगांच्या दिशेत बसला की त्याची कडच दिसेनाशी होते. कोरियात याच कुळातील दोन जातींवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पतंग सालीवर उतरल्यानंतर जागा आणि शरीराची दिशा बदलून अधिक चांगले लपतात, असे आढळले. गोव्यातल्या जातीही तसेच करतात का, हे पाहण्यासारखे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात खोडाकडे समोरून न पाहता बाजूने पाहावे, म्हणजे पंखांची कड उठून दिसते. कधीकधी तासभर फिरूनही काही सापडत नाही, हा या पद्धतीचा खरा तोटा आहे.

क्लिओरा, अस्कोटिस, एक्ट्रोपिस यांसारख्या प्रजातींमधील (जवळच्या जातींच्या गटांमधील) जाती कोणत्याही पद्धतीत केवळ छायाचित्रावरून नेहमी ओळखता येत नाहीत. जननेंद्रियांची रचना तपासावी लागते, तेव्हा नोंद प्रजातीपाशीच थांबवणे प्रामाणिकपणाचे.

माझ्या मते, ज्याच्या घरामागे कुळागर आहे त्याने खोडांपासूनच सुरुवात करावी आणि झाडाचे नाव, पतंगाची जमिनीपासूनची उंची व डोक्याची दिशा प्रत्येक वेळी लिहून ठेवावी. पडदा महिन्यातून एखाददुसऱ्या रात्री पुरे. मोले, खोतीगाव किंवा म्हादई अभयारण्यात मात्र दिवा लावण्याआधी वन खात्याची लेखी परवानगी घ्यावी.