स्पिटफायरची बॉडी उचलण्याआधी लावलेला दाराच्या ब्रेसचा संच

हा संच मी १९७१ च्या ट्रायम्फ स्पिटफायर मार्क फोर या उघड्या गाडीवर वापरला. दोन दारांसाठी दोन ब्रेस, म्हणजे बॉडी वाकू नये म्हणून दाराच्या मोकळ्या जागेत लावायचे आधार. प्रत्येकात पोलादी नळी, मधे फिरवून लांबी कमी-जास्त करायचं टर्नबकल, पुढच्या टोकाला बिजागरीच्या भोकांवर बसणारी पट्टी आणि मागच्या टोकाला कुलपाच्या खांबावर बसणारा पाय. बॉडी सध्या स्टँडवर आहे, चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बाजूला काढली आहे आणि ब्रेस अजून लावलेलेच आहेत.

स्पिटफायरला पक्कं छप्पर नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी जोडून ठेवतात ते फ्लोअर आणि सिल, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या लांब पट्ट्या. चॅसी वेगळी असली तरी सगळा भार तीच पेलते असं नाही; मागच्या चाकांना पुढेमागे सरकू न देणारे दांडे, म्हणजे रेडियस आर्म, तर थेट बॉडीलाच बोल्ट केलेले असतात. अशी बॉडी उचलली की दारांपाशी वाकायला बघते. त्याच वाकलेल्या अवस्थेत नवा पत्रा वेल्ड झाला, तर पुढे कितीही बिजागऱ्या हलवा, दार नीट लागत नाही.

म्हणून ब्रेस लावायची वेळ महत्त्वाची. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी, बॉडीचे बोल्ट अजून घट्ट. दारं बंद करून चारी बाजूंच्या फटी मोजायच्या, दाराच्या जागेच्या कर्णाची, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी मापं लिहून ठेवायची, मग दारं काढून ब्रेस बसवायचे. टर्नबकल हाताने टेकेपर्यंत फिरवायचं आणि लॉकनट आवळायचा. पान्याने जोर लावला तर ब्रेस खांबांना आपल्या बाजूने ढकलतो आणि जे माप जपायचं तेच बिघडतं. संचासोबतच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. फक्त कुठला तुकडा कुठे, एवढंच. असं साधन विकताना हे सांगायलाच हवं.

बनावट मात्र मनापासून आवडली. नळी जाड आहे, आटे स्वच्छ आहेत, दोन टोकांचे आटे उलटसुलट असल्यामुळे लांबी अगदी बारकाईने जमवता येते. बॉडी वर गेल्यावर पुन्हा कर्ण मोजला तेव्हा डाव्या बाजूचं माप जसंच्या तसं होतं. उजवीकडे एक मिलिमीटरचा फरक पडला, आणि त्याचं कारण मागच्या पायाखालचं रबर. भार आला की ते दबतं. मी ते काढून पत्र्याची पट्टी घातली. त्यानंतर माप हललं नाही. रंग जपायचा असेल तर रबर ठीक, पण बॉडी उचलायला निघालेल्या गाडीचा रंग कोण जपतं?

दुसरी उणीव मोठी आहे. संचात डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत जाणारी आडवी नळी नाही. दोन्ही दारांचे ब्रेस लांबी सांभाळतात, रुंदी नाही. ती नळी मी वेगळी करून घेतली.

आणि सिल गंजून गेल्या असतील, तर या ब्रेसच्या भरवशावर बॉडी अजिबात उचलू नका. आधी बॉडी चॅसीवर असतानाच, ब्रेस लावून, एका वेळी एकाच बाजूची सिल बदला. दार लावून बघा, मग दुसरी बाजू. उचलणं त्यानंतर. माझ्या दृष्टीने या संचाची खरी किंमत याच टप्प्यावर वसूल होते.

उचलण्याचं काम त्यामानाने सोपं गेलं. बॉनेट आधीच उतरवलं होतं. स्टिअरिंगचा जोड, हँडब्रेकची केबल, ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, पेट्रोलची नळी, हीटरचे होज, स्पीडोमीटरची केबल, वायरिंग आणि ते रेडियस आर्म, एवढं सोडवलं. गंजलेल्या बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल बरंच आधी मारून ठेवलं होतं. बॉडी आणि चॅसीच्या मधल्या चकत्या मात्र जागेनुसार चिठ्ठी लावून वेगवेगळ्या ठेवा; त्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि फटी त्यांच्यावरही ठरतात.

पाचपैकी चार तारे. विकत घेण्याआधी बिजागरीच्या भोकापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर मोजा आणि ते ब्रेसच्या कमीत कमी लांबीशी ताडून बघा. दाराची जागा याहून आखूड असलेल्या गाडीत हा बसणार नाही, कारण माझ्याकडे टर्नबकल जवळजवळ पूर्ण मिटलेलं आहे.