स्टॅम्पच्या कार्डांचा कागद: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी, शाई लावून उमटवायच्या स्टॅम्पने शुभेच्छा कार्डं करायला, मी ३०० जीएसएमचा गुळगुळीत पांढरा कार्डस्टॉक (जाड कार्डाचा कागद) घेतला तो निव्वळ आकडा बघून. जाड कागद म्हणजे चांगलं कार्ड, एवढीच तेव्हा अक्कल होती. पण जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. पृष्ठभाग कसा आहे, हे त्यावरून काही कळत नाही. माझा वॉटरकलरचा कागदही ३०० जीएसएमचाच, पण त्याच्या खडबडीत अंगावर पानाच्या बारीक शिरा तुटक उमटायच्या. मी कधी स्टॅम्पला, कधी शाईला, कधी स्वतःच्या हाताला दोष देत बसले. या गुळगुळीत कागदावर तोच स्टॅम्प पहिल्या दाबात स्वच्छ उठला.

डाय इंक यात मुरते आणि चटकन वाळते. पिगमेंट इंक वरच राहते, त्यामुळे थोडा धीर धरावा लागतो. एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईला चिकटून उष्णतेने वितळणारी, ठसा फुगीर करणारी) टाकायची असेल तर मात्र हा ओलेपणाच कामाला येतो. चकचकीत कोटेड कागदावर हीच शाई वापरली, वाळली समजून हात लावला आणि अंगठ्याबरोबर शुभेच्छा पुसून गेल्या.

अल्कोहोल मार्कर या कागदावर छान मिसळतात, पण रंग मागे उतरतो. म्हणून आता चित्र वेगळ्या तुकड्यावर करते आणि तो कार्डावर चिकटवते. एकदा ही सवय लागली की बेसला, म्हणजे खालच्या दुमडलेल्या मूळ कार्डाला, नितळ पृष्ठभाग लागतच नाही. त्याने फक्त उभं राहायचं आणि नीट दुमडायचं.

दुमडण्यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. एकाच गठ्ठ्यातली काही कार्डं सुरेख मिटायची, काहींची घडी चिरून तंतू बाहेर यायचे. गठ्ठाच खराब निघाला असं मी दोन महिने धरून चालले होते. गडबड माझ्या कापण्यात होती. कागदात तंतूंची एक दिशा असते, ग्रेन. घडी त्या दिशेने घातली तर कागद ऐकतो, आडवी घातली तर चिरतो. माझ्या ए४ कागदाचा ग्रेन लांब बाजूने आहे. तो मधून आडवा कापून दोन ए५ केले आणि ते दुमडले, की घडी ग्रेनच्या दिशेने येते. तोच कागद उभा चिरून लांबट पट्ट्या केल्या आणि त्या दुमडल्या, तर कार्ड तेवढंच, ए६, पण घडी ग्रेनला आडवी. ग्रेन ओळखायला कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघायचा. ज्या बाजूने सहज वाकतो, ती घडी त्याला मानवते. तरीही ३०० जीएसएमला आधी बोन फोल्डरने (बोथट टोकाच्या पट्टीने) घडीच्या जागी दाबून रेघ ओढावीच लागते. रेघेमागे उठणारा उंचवटा घडीच्या आत ठेवायचा. मी कितीतरी दिवस तो बाहेर ठेवत होते!

रंगीत कागद घेताना मी आता कोपरा फाडून बघते. आतून पांढरा निघाला तर घडीवर आणि कापलेल्या कडेवर पांढरी रेघ दिसणारच. क्राफ्ट, म्हणजे खाकी तपकिरी, रंगावर डाय इंक मळकी दिसते, तिथे पांढरी पिगमेंट इंक उठून दिसते. दमट हवेत कागद वळतो, म्हणून गठ्ठा आडवा, पिशवीत बंद.

पुन्हा घेईन का? बेससाठी नक्की. चित्राच्या तुकड्यांसाठी असाच गुळगुळीत, पण २२० च्या आसपासचा पुरेल. दोन्ही जाड असले की कार्ड पाकिटात फुगतं. घडी चिरलेली लांबट कार्डं टाकली नाहीत. त्यांचे पुढचे भाग कापून नव्या बेसवर लावतेय.