ब्रुसेल्सचं चॉकलेट, वरुडचा उन्हाळा

पोरं शिकायला बेल्जियमला गेली की येताना चॉकलेट आणतात आणि मे महिन्यात विदर्भातल्या वरुडला डबा उघडला की आत लगदा निघतो. दोष दुकानाचा नसतो, निवडीचा असतो.

ब्रुसेल्सच्या ग्रँड प्लास या मुख्य चौकापासून चालत पाच मिनिटांवर, १८४७ सालच्या काचेच्या छताच्या गॅलरीत नॉयहाउसचं चॉकलेटचं दुकान आहे. १८५७ मध्ये ते औषधांचं दुकान होतं आणि कडू औषधाला चॉकलेटचा लेप देत. १९१२ मध्ये मूळ मालकाच्या नातवाने औषधाऐवजी सारण भरलं. हेच प्रालिन. कागदी पुड्यात ती चुरडायची, म्हणून १९१५ मध्ये त्याच्या बायकोने पुठ्ठ्याचा डबा काढला. 'बालोटाँ' म्हणून आजही तोच मिळतो. एवढ्यासाठी तरी इथे जावं. सुटे नग वजनावर मिळतात, बोट दाखवून निवडावेत.

चवीचा विचार केला तर पुढे साब्लों चौकात मार्कोलिनीकडे वळा. बरीच दुकानं तयार चॉकलेट आणून फक्त साचे आणि सारण करतात. हे कोकोच्या बिया स्वतः भाजतात. इथे सारणाचे नग घेऊ नका, चॉकलेटची साधी पाटी, म्हणजे बार, घ्या. बियांचा फरक तिच्यातच कळतो.

आता गावी काय न्यायचं? गनाश म्हणजे मलईचं सारण. त्यात पाणी असतं, दोन-चार आठवड्यांत खराब होतं. ते तिथेच खा. 'प्रालिने' (वरचं प्रालिन नव्हे) म्हणजे हेझलनट-साखरेचं वाटण, त्यात पाणी जवळजवळ नसतं, ते टिकतं. संत्र्याच्या पाकवलेल्या सालीला डार्क चॉकलेट लावलेलं 'ओरांजेत' तर वरुडकरांसाठी न्यायलाच हवं. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सुटी, तिचं असं होत नाही. त्याला जाड सालच लागते. सारणात दारू नको असेल तर आधीच विचारा. 'अ‍ॅडव्होकाट' म्हटलं तर दारूसोबत अंडंही आलं.

कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्या किराणा दुकानातली स्वस्त चॉकलेटं उन्हात जरा तग धरतात, कारण बऱ्याचदा त्यांत कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. खरं चॉकलेट वितळून पुन्हा गोठलं की वर पांढरट थर येतो. ती बुरशी नाही, वर आलेली चरबी आहे. खाता येतं, पण 'कट्' असा तुटण्याचा आवाज गेलेला असतो. अशाची खीर करा, दुधात छान विरघळतं.

नागपूरला उतरल्यावर पुढच्या एसटीत बर्फाची पिशवी लागतेच, पण डबा आधी हवाबंद पिशवीत घाला. घरी कूलरसमोर ठेवू नका. कूलरची हवा ओली असते, साखर पाणी धरते आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो. फ्रिजमध्ये बंद डब्यात, खालच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटं झाकण उघडू नका, नाहीतर दव धरतं. पाहुण्यांना द्यायचं तर सकाळी आठच्या आत.