दंडघेराची पट्टी कुणाच्या हातात द्यायची? नायजरमधले तीन मार्ग

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये बालपोषणाचा कार्यक्रम आखायला बसलात, की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागते: सुकत चाललेलं मूल, वजन-उंची घेऊन किंवा रंगीत पट्टीने दंडाचा घेर मोजून, वेळेत हेरायचं कुणी? आरोग्य केंद्रातल्या नर्सने, गावातल्या आरोग्य स्वयंसेवकाने, की आईने? माझं मत आईच्या बाजूने आहे, पण बाकीचे दोन मार्ग मोडीत काढावेत असं मुळीच नाही.

केंद्रात वजन आणि उंची घेऊन त्यांचा मेळ तक्त्याशी घालतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात लहान मुलाला फळीवर आडवं निजवून एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ दाबून तळपायाला सरकती फळी टेकवायची, आणि मूल जीव खाऊन रडत असतं. एवढ्यात सेंटिमीटरभर चूक झाली तरी मूल एका गटातून दुसऱ्यात जातं. त्यासाठी सरावलेले दोघे लागतात, आणि केंद्रापर्यंत आईला चालत जावं लागतं तेही नेमकं बाजरीच्या खुरपणीच्या दिवसांत.

तरीही ही कसोटी टाकून देऊ नका. दंडघेर आणि वजन-उंची या दोन मोजमापांत सापडणारी मुलं तीच नसतात. पट्टीत वयाने लहान, बुटकी मुलं जास्त सापडतात. मृत्यूचा धोकाही त्यांनाच जास्त, म्हणून पट्टीचं महत्त्व. पण उंच, काटकुळं चार वर्षांचं पोर पट्टीवर हिरव्यात, म्हणजे ठीकठाक, दिसू शकतं. दुसऱ्या कारणाने केंद्रात आलेल्या मुलाचं वजन आणि उंची तिथेच घ्यावी.

पट्टी आपल्याकडच्या अंगणवाडीतही दिसते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल (तीव्र कुपोषण), 11.5 ते 12.5 पिवळा (मध्यम कुपोषण), त्यापुढे हिरवा. हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर पट्टी गुंडाळायची. ती कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. नायजरमध्येच आयांना मोजायला लावून पाहिलं तेव्हा डावा हात की उजवा, मध्य टेपने काढला की नजरेने, याने फारसा फरक पडला नाही. चुका झाल्या त्या बहुतेक सीमेवरच्या मुलांबाबत.

गावाचा स्वयंसेवक हे काम नीट करतो. त्याच्याकडे नोंदवही असते, चिठ्ठी लिहून देता येते. अडचण आहे ती दोन फेऱ्यांमधल्या दिवसांची. साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या या पट्ट्यात, जून ते सप्टेंबर कणग्या रिकाम्या असतात, आणि याच पावसात हिवताप वाढतो. जुलाब आणि ताप एकदम झाले तर पिवळ्यातलं मूल दोन-तीन आठवड्यांत लाल होतं. फेरी महिन्या-दोन महिन्यांनी असेल तर तोवर फार उशीर झालेला असतो. आईच्या हाताखालून तर तो दंड रोज जातो.

झिंदेर भागातल्या मिरिया जिल्ह्यात 2013-14 साली हे समोरासमोर तपासलं गेलं. एका क्षेत्रात बारा हजारांहून जास्त आयांना आणि सांभाळणाऱ्या बायकांना पट्टी शिकवली, शेजारच्या क्षेत्रात 36 आरोग्य कार्यकर्त्यांनी तपासणी केली. आयांच्या बाजूची मुलं आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर उपचार कार्यक्रमात दाखल झाली, त्यांतली कमी मुलं रुग्णालयात भरती करावी लागली, आणि खर्चही कमी आला. उपचारापर्यंत पोचलेल्या मुलांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. पट्टी वाटली की सगळी मुलं उपचाराला येतात, असं धरून चालू नका.

एक गोष्ट पट्टीला कधीच दिसत नाही: सूज. सूज आणणाऱ्या कुपोषणाला क्वाशिओरकर म्हणतात. हा शब्द घानातल्या गा भाषेतला. पाठचं भावंड आल्यावर दूध तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी 1930च्या दशकात, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये (आजच्या घानात) काम करताना त्याची नोंद केली. असं मूल गुबगुबीत दिसतं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर पट्टी काहीही दाखवो, मूल केंद्रात न्यायचं. आयांना पट्टीबरोबर हा अंगठाही शिकवाच.

लाल सापडलं, पुढे काय? इथे माझी निवड स्पष्ट आहे. लालसाठी शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं: 92 ग्रॅममध्ये 500 कॅलरी, पाणी नको, चूल नको, म्हणून जंतूंचीही भीती कमी. ही पाकिटं नायजरची राजधानी नियामेतच तयार होतात. पिवळ्यातल्या मुलासाठी मी बाजरी, सोयाबीन आणि शेंगदाण्याच्या पिठाची पेज निवडेन. शेजारच्या बुर्किना फासोत असं पीठ मिसोला नावाने मिळतं. त्याला सरपण, स्वच्छ पाणी आणि आईचा वेळ लागतो, पण मूल बरं झाल्यावरही घरात तेच शिजणार असतं. नायजरमध्ये शेवग्याचा पाला शेंगदाण्याच्या पेंडीबरोबर आवडीने खातात. शेवगा तिकडे गेला तो आपल्या भूमीतून. बाजरी आणि चवळी मुळात आफ्रिकेची. मराठी माणसाला तिथलं ताट परकं वाटू नये.

पट्ट्या वाटण्याआधी केंद्रात जाऊन दोन गोष्टी पाहा. जूनच्या आधी पाकिटांचा साठा आलाय का? आणि पट्टी लाल दिसली म्हणून मूल पाठीला बांधून मैलोन्‌मैल चालत आलेल्या आईला, नर्सच्या मोजणीत दंड 11.6 भरला म्हणून, परत पाठवतात का? तसं होत असेल तर आधी ते थांबवा. तिच्या मुलाची हिवतापाची तपासणी करा, पावलं दाबून पाहा, वजन घ्या, काहीतरी हातात द्या आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगा. रिकाम्या हाताने परत गेलेली आई पुन्हा येत नाही, आणि तिच्या शेजारणीही येत नाहीत.