सांभर की छोटं रण?

निपाणीचा मावसभाऊ आठवडाभर डोकं खातोय, रंगीत मिठाची तळी बघायची तर राजस्थानात सांभरला जाऊ की कच्छच्या छोट्या रणात. दोन्ही बघून आलोय म्हणून सांगतो.

खर्च जवळपास सारखाच. सांभरसाठी बेळगावहून अजमेरची गाडी धरायची, ती अहमदाबादवरूनच जाते, रणासाठी तिथं उतरायचं, पुढं रणाच्या काठावरच्या खाराघोडा गावाला गाडी अन् वाटाड्या करावा लागतो तेवढंच जास्त.

रंग म्हणशील तर सांभरच. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यातल्या शेवाळ-जिवाणूंमुळं एक वाफा सोलकढीसारखा गुलाबी तर शेजारचा हिरवट, आणि फ्लेमिंगो दिसले तर नशीब.

रणात रंग कमी, पण काम बघायला मिळतं. पावसाळा संपला की अगरिया लोक जमिनीखालचं खारं पाणी पंपानं वर काढतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथंच झोपडी टाकून राहतात, दंताळ्यानं मीठ ओढत. खडा हातात घेतला तर काचेसारखा. मी शहाणा साधी चप्पल घालून गेलो, टाचेच्या भेगांत मीठ गेलं अन् रात्रभर बोंबललो.

आईवडील बरोबर असतील, फोटो हवे असतील तर सांभर. मीठ कसं पिकतं ते बघायचंय, उन्हात चालायची तयारी आहे, तर रण, आणि बूट ने बाबा.