लातूरला ट्रॉमा थेरपी घेतली, त्याचा रिव्ह्यू (लांब आहे, फी पण लिहिलीय)

क्लिनिकचं नाव टाकत नाही. लातूर ते केवढं, कोण कुणाच्या दवाखान्याची पायरी चढलं हे संध्याकाळपर्यंत गंजगोलाईत, म्हणजे मेन बाजारात, कळतं, म्हणून हा रिव्ह्यू थेरपीचा समजा, क्लिनिकचा कमी. स्टार द्यायचे तर पाचपैकी चार.

केस अशी की गाळपाच्या दिवसात रात्री रेणापूरकडून येताना आमची गाडी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, आपल्याकडं हे काय नवीन नाही. शेजारी बसलेला मावसभाऊ गेला. माझा पाय मोडला होता तो जुळला पण बाकीचं काही जुळेना, ट्रॅक्टरचा आवाज आला की छातीत धडधड, रात्री तेच स्वप्न, रसवंतीपुढनं जायची वेळ आली की मी गल्ली बदलायचो, लेकरू मागून पळत आलं तरी दचकायचो आणि मग त्याच्यावरच खेकसायचो. घरी लिंबू उतरवून झाले, अंगारा झाला. मित्रांचं एकच, दोन पेग मार अन् झोप. आमच्या नेहमीच्या डॉक्टरनी झोपेची गोळी दिली, झोप लागायची पण स्वप्न काय हटायचं नाही.

मग बायकोनं १४४१६ लावला, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाईन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तिकडनं सांगितलं की महिन्याच्या वर असं चाललंय तर नुसतं फोनवर भागायचं नाही, जवळ कुठंतरी दाखवा. तिथनं या क्लिनिकच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमकडं आलो.

पहिल्या दिवशी अपघाताचं काहीच खोदून विचारलं नाही, हे मला आवडलं. २० प्रश्नांचा फॉर्म दिला, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ८०. माझे पन्नासच्या वर गेले, शाळेत एवढे कधी पडले नव्हते. पीटीएसडी म्हणल्या, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून जाणारा आजार. मला वाटायचं ते मिलिटरीवाल्यांना होतं.

आता मेन गोष्ट. मला वाटलं होतं थेरपी म्हणजे गप्पा, मॅडम धीर देतील, आपण रडू, हलकं वाटेल. तसं काय नसतंय भाऊ. डोळे मिटून ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, तीपण आत्ता चालू असल्यासारखी, म्हणजे "ब्रेक मारला" नाही तर "ब्रेक मारतोय". संपली की परत पहिल्यापासून. मध्ये मध्ये मॅडम विचारणार त्रास किती, ० ते १०० मध्ये सांगा. हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. त्यांचं म्हणणं असं की आपण टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मेंदू समजतो टाळलं म्हणूनच वाचलो, त्यामुळं भीती जशीच्या तशी राहते. सुरुवातीला उलट त्रास वाढला, बायको म्हणली बंद करा हे, पैसे देऊन रडायलाव तुम्ही. मॅडमनी तिला पण बोलवून घेतलं आणि असं होणार हे समजावलं, म्हणून टिकलो.

आणि मग एक दिवस सांगता सांगता तोंडातून निघालं, "समोरच्या ट्रकनं अप्पर मारलाय, मला काही दिसंना" (अप्पर म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत). मी गप्पच झालो. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, पोलिसाला नाही, मावशीला नाही, कारण मलाच आठवत नव्हती. इतके दिवस डोक्यात एकच की ब्रेक उशिरा मारला, माझ्यामुळं गेला तो. ट्रॉली दिसली तेव्हा ब्रेकला जागाच नव्हती. मॅडमनी "तुमची काही चूक नाही" असं एकदाही म्हणलं नाही, ते तर सगळा गाव म्हणत होता, त्याचा काय उपयोग झाला? ते माझं मला दिसलं. माझ्यासाठी फी इथंच वसूल.

सोबत घराबाहेरचा अभ्यास पण असतो. आधी उभा ट्रॅक्टर लांबून बघायचा, मग जवळ जायचं, मग रसवंतीत बसून रस प्यायचा (बर्फ न घालता, ते माझं मी ठरवलं), मग तो रस्ता दिवसा, शेवटी रात्री. धडधड कमी होईपर्यंत तिथनं हलायचं नाही. गोळीचं म्हणाल तर मॅडम देत नाहीत, त्या सायकॉलॉजिस्ट आहेत, गोळी सायकियाट्रिस्टसारखे डॉक्टर देतात, मला सर्ट्रालिन (पीटीएसडीवर देतात ती गोळी) चालू झाली. ईएमडीआरचं (डोळे इकडून तिकडं हलवत आठवणीवर काम करायची दुसरी थेरपी) विचारलं तर सरळ म्हणल्या की तीपण चांगली पद्धत आहे पण माझं त्यात ट्रेनिंग नाही. एवढं खरं बोलणारं माणूस दवाखान्यात कमीच भेटतं.

एक स्टार का कापला? पार्टिशन प्लायचं आहे, बाहेर बसलेल्याला आतलं रडणं ऐकू येतं, अशा जागी हे चालत नाही. फी १२०० रुपये, नव्वद मिनिटं. विम्याचं बघितलं, २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला बाकीच्या आजारासारखंच धरा म्हणून लिहिलंय, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच (ॲडमिट न होता घेतलेले उपचार) नाही तर काय करता. ज्याला झेपत नाही त्यानं सरकारी मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी बघावी.

शेवटच्या फॉर्मला वीसच्या आत आलो. स्वप्न अजून पडतं कधीमधी, पण उठून पाणी पिऊन परत झोपतो.

माझं बघून किल्लारीकडची मामी विचारायली, "मला घेतात का रे तिथं?" ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ चा भूकंप, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते, तिची दोन लेकरं गेली. पुनर्वसनातलं घर पक्कं आहे तरी मामी आजपण अंगणातच झोपते आणि चारच्या आधी उठून बसते. मॅडमना विचारलं तर म्हणल्या इतक्या वर्षांनी पण थेरपी होते, घेऊन या. पण क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद आणि मामीचे गुडघे गेलेले. व्हिडिओ कॉलवर करू म्हणल्यात, तर मामीच्या घरात रेंज नाही, अंगणात येते.