पीपीझेड०५०६: ईआर-बीटासाठी घ्यायची तर हीच अँटीबॉडी, पण ‘पॉझिटिव्ह’ मिळेल म्हणून घेऊ नका

ईआर-बीटा म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा एक रिसेप्टर. त्यावर काम करणाऱ्यांची तक्रार ‘बँड येत नाही’ (वेस्टर्न ब्लॉटमध्ये अँटीबॉडीने प्रोटीनची जी पट्टी दिसते ती) अशी सहसा नसते. बँड येतो, ५९ किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास, अगदी हवा तिथेच येतो. तो ईआर-बीटाचाच आहे का, हा खरा घोळ. आमच्या फ्रीझरमध्ये जुन्या प्रोजेक्टची एक पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉड्यांचं मिश्रण) पडून आहे, कंपनीचं नाव घेत नाही. तिच्यापुढे कुठल्याही पेशींचं लायसेट (पेशी फोडून केलेला द्राव) ठेवा, बाई बँड देणारच. इतका उदारपणा मला कधी पटला नाही.

म्हणून नव्या प्रोजेक्टला पीपीझेड०५०६ हा माऊस मोनोक्लोनल क्लोन (उंदराच्या पेशींपासूनची, एकाच प्रकारची अँटीबॉडी) मागवला. त्यामागे २०१७ चा ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधला स्वीडिश गटाचा पेपर होता. ईआर-बीटा सापडला १९९६ मध्ये, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये, रॅटच्या प्रोस्टेटमधून. त्यानंतरची वीस वर्षं ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तो किती, कुठे, कमी की जास्त यावर पेपरांचा ढीग पडला. या गटाने १३ अँटीबॉड्या घेऊन नीट तपासल्या, आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (टिश्यूच्या पातळ कापावर अँटीबॉडीने प्रोटीन रंगवून बघणं) ईआर-बीटालाच धरणारी एकच निघाली, तीही फारशी कुणी न वापरलेली. तीच ही. तिने बघितल्यावर ईआर-बीटा वृषणात दिसला, अंडाशयात दिसला, लिम्फॉइड पेशींत आणि ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरमध्ये (अंडाशयाचा एक ट्यूमर) दिसला, काही मेलानोमा आणि थायरॉइड कॅन्सरमध्येही दिसला. ब्रेस्टमध्ये, नॉर्मल असो की कॅन्सरचं, नाही. आता त्या ढिगाचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमचा अनुभव. वेस्टर्न आधी लावला. ईआर-बीटाचा प्लाझमिड (त्याचं जनुक वाहणारा डीएनए) दिलेल्या एचईके-२९३ पेशींच्या लेनमध्ये ठसठशीत बँड, शेजारी रिकामा वेक्टर दिलेली लेन कोरी. एक्स्पोजर वाढवलं तरी कोरीच. त्याच मेंब्रेनवर एमसीएफ-७ (ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी) ची लेन होती, तीही कोरी. जुन्या पॉलिक्लोनलने याच एमसीएफ-७ मध्ये छान जाड बँड दिला होता.

स्लाइडवर मात्र खरी मजा आली. पॅथॉलॉजी विभागाकडून एथिक्स कमिटीच्या परवानगीने ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरचा ब्लॉक मिळाला. रिट्रीव्हलला (टिश्यूतलं प्रोटीन अँटीबॉडीला सापडावं म्हणून उष्णता देणं) सायट्रेट बफर, आणि आपला नेहमीचा स्टीलचा प्रेशर कुकर. डॅब (अँटीबॉडी बसली तिथे तपकिरी रंग देणारं रसायन) घातल्यावर दोनेक मिनिटांत ट्यूमरच्या पेशींची केंद्रकं तपकिरी व्हायला लागली. फक्त केंद्रकं, सायटोप्लाझम स्वच्छ. मधल्या स्ट्रोमात (ट्यूमरच्या पेशींमधला आधाराचा टिश्यू) हेमॅटॉक्सिलिन या रंगाचा निळा तेवढा. बॅकग्राउंड इतकं कमी की स्कोअरिंग करणाऱ्या मॅडमनी ‘हे कुणी केलं?’ म्हणून विचारलं.

मग ब्रेस्टचे सेक्शन. काही नाही. आमचे गाइड, सर, म्हणाले, “अँटीबॉडी वाढवून बघ.” वाढवली. सगळा सेक्शन हलका मळकट झाला, केंद्रकं निळीच. त्याच ब्लॉकच्या पुढच्या सेक्शनवर ईआर-अल्फाची (इस्ट्रोजेनचा दुसरा रिसेप्टर) अँटीबॉडी लावली तर केंद्रकं गडद तपकिरी, म्हणजे टिश्यू ठीक, रिट्रीव्हल ठीक. सर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नाहीत. प्रपोजलमध्ये ‘ब्रेस्टमधील ईआर-बीटा’ असं शीर्षक असताना असा निकाल हातात येणं कुणालाच नको असतं. तुमच्या गाइडना ही अँटीबॉडी सुचवण्याआधी तो पेपर त्यांच्या टेबलावर ठेवा, नंतरची भांडणं वाचतील.

उणिवा आहेत. ही प्रोटीनच्या एन-टोकाकडचा भाग ओळखते, आणि ईआर-बीटाचे आयसोफॉर्म (एकाच प्रोटीनची थोडी वेगळी रूपं) वेगळे होतात ते सी-टोकाला, म्हणजे दुसऱ्या टोकाला. त्यामुळे दिसतोय तो बीटा-१ की बीटा-२, हे ती सांगू शकत नाही. तुमचा प्रश्नच आयसोफॉर्मचा असेल तर आरएनएकडे वळा. दुसरं, अँटीबॉडी उंदराची, त्यामुळे उंदराच्या टिश्यूवर सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला ओळखणारी दुसरी अँटीबॉडी) तिथल्याच इम्युनोग्लोब्युलिनला, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉड्यांना, चिकटते आणि सगळा सेक्शन रंगतो. हे टाळणाऱ्या माऊस-ऑन-माऊस ब्लॉकिंगचा खर्च वेगळा धरा.

किंमत? जेआरएफचे (संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप) महिन्याचे ३७,००० आणि ही कुपी, दोन्हींत फार अंतर नाही. एवढ्याशा कुपीला हा भाव चढाच आहे. पण पाच संशयास्पद कुप्या घेण्यापेक्षा ही परवडते, आणि आम्ही दुसरी मागवलीही आहे. पॉझिटिव्ह कंट्रोलची (रिसेप्टर नक्की असलेला नमुना) सोय नसेल तर मात्र घेऊ नका. कोऱ्या स्लाइडचा अर्थ ‘रिसेप्टर नाही’ की ‘स्टेनिंग फसलं’ हे कंट्रोलशिवाय कळायचं नाही, आणि रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारणार.

परदेशातून येते, तेव्हा महिना-दीड महिना हाताशी ठेवून ऑर्डर द्या. आणि डीलरला बजावा, शुक्रवारी पाठवू नकोस. आमचा मागचा डबा शनिवार-रविवार गेटवर वॉचमनच्या टेबलाखाली होता. आइस पॅकचं पाणी झालेलं. ती कुपी निगेटिव्ह कंट्रोलसकट पुन्हा तपासूनच कामाला घेतली.